रांगा लावणारा माणूस : जॉन फॉन नॉयमन

मर्ज सॉर्ट माहीत नाही असा कॉम्प्युटरचा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. सेकंड इयरच्या पेपरला तो येतो, व्हायवाला येतो आणि कॅम्पस इंटरव्ह्यूपर्यंत पाठ सोडत नाही. पण तो पहिल्यांदा कोणी लिहिला, असं मी आमच्या विंगमध्ये विचारलं तेव्हा बहुतेकींनी खांदे उडवले. यंदा माझ्या मिनी प्रोजेक्टचा विषय होता मल्टी-कोअर कॉम्प्युटरवर पॅरलल सॉर्टिंग किती वेगाने चालतं हा. त्यासाठी वाचताना एकच नाव मला दोन टोकांना भेटलं. कॉम्प्युटरने एका वेळी एकच काम करावं असं ठरवणारा माणूस तोच, आणि आज आठ-आठ कोअरमध्ये जे सॉर्टिंग सर्वांत सहज वाटून देता येतं ते लिहिणाराही तोच. दोन्ही गोष्टी त्याने एकाच वर्षी केल्या, १९४५ मध्ये. हे कसं काय, म्हणून त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि सबमिशन बाजूलाच राहिलं.

नॉयमनचा जन्म २८ डिसेंबर १९०३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. मूळ नाव यानोश. वडील मिक्शा हे बँकेतले बडे गृहस्थ, घर सुखवस्तू ज्यू. पोरगा लहानपणापासून हिशेबात इतका पुढे की शाळेतल्या रात्स नावाच्या गणिताच्या मास्तरांनी त्याच्यासाठी विद्यापीठातल्या प्राध्यापकांची शिकवणी लावून देण्याचा आग्रह धरला. त्याच शाळेत एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होता, ज्याला नंतर फिजिक्सचं नोबेल मिळालं. एकाच शाळेत एवढे हुशार लोक! आमच्या शाळेत रँकर होते, पण हे प्रकरण वेगळंच.

आता पुढचा भाग आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांना ओळखीचा वाटेल. यानोशला गणित शिकायचं होतं. वडिलांना वाटत होतं की गणितात पैसा नाही. मग घरात तोडगा निघाला: केमिकल इंजिनिअरिंग कर! तो आधी बर्लिनला रसायनशास्त्र शिकायला गेला, मग झुरिकच्या प्रसिद्ध ईटीएच संस्थेतून त्याने केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आणि हे सगळं चालू असताना बुडापेस्टच्या विद्यापीठात गणिताच्या पीएचडीसाठी नाव घालून ठेवलं होतं. तिथल्या वर्गांना फारसा गेलाच नाही, परीक्षेपुरता जायचा. अटेंडन्सचा नियम तेव्हा नसावा. १९२६ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, तो डॉक्टर झाला. वडिलांचंही राहिलं, स्वतःचंही राहिलं. दोन कामं एकाच वेळी चालवायची त्याची सवय इथपासूनची, असं मला उगाच वाटतं.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यातलं गणित मला समजलं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. जर्मनीत शिकवलं. १९२८ मध्ये गेम थिअरीचा पाया घातला. १९३० मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला आला, १९३२ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सची गणिती मांडणी करणारं पुस्तक लिहिलं, आणि १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाला. आइनस्टाइनही त्याच संस्थेत होता. नॉयमन तेव्हा तीस वर्षांचाही नव्हता. १९३७ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला आणि यानोशचा जॉन, जॉनचा सगळ्यांचा जॉनी झाला. पहिलं लग्न मोडलं, मरीना नावाची मुलगी त्या लग्नातली. १९३८ मध्ये क्लारा डान हिच्याशी दुसरं लग्न झालं. ही क्लारा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

माणूस म्हणून तो पुस्तकी अजिबात नव्हता. कायम सुटाबुटात, खाण्याचा शौकीन, घरी पार्ट्या ठरलेल्या. गाडी इतकी वाईट चालवायचा की अपघात नेहमीचेच. आणि त्याला शांततेत काम व्हायचं नाही! ऑफिसात ग्रामोफोनवर जर्मन मार्च संगीत मोठ्याने लावायचा आणि शेजारच्या खोलीतले प्राध्यापक वैतागायचे. त्या शेजाऱ्यांत खुद्द आइनस्टाइन होता. हे वाचल्यापासून माझी रूममेट तिच्या टेपची बाजू मांडताना नॉयमनचा दाखला देते.

युद्ध आलं आणि हा शुद्ध गणिती स्फोटांच्या गणितात उतरला. १९४३ पासून तो लॉस अलामॉसला सल्लागार होता. प्लुटोनियमचा गोळा चारी बाजूंनी एकदम दाबून बॉम्ब कसा उडवायचा, त्या स्फोटलहरींचा हिशेब त्याच्याकडे होता. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला तो या पद्धतीचा बॉम्ब. कुठल्या शहरावर टाकायचा हे ठरवणाऱ्या समितीतही तो होता. युद्धानंतरही तो हायड्रोजन बॉम्बच्या बाजूने ठाम उभा राहिला. चरित्र लिहिताना हा भाग गाळता आला असता, पण मग त्याला कॉम्प्युटर हवा तरी कशाला होता हे कळणार नाही. त्याला तो या हिशेबांसाठीच हवा होता. मला हा माणूस आवडतो आणि या पानाशी येऊन मी अडखळते, एवढंच लिहिते.

१९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीन स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर तो गाडीची वाट बघत उभा होता. हर्मन गोल्डस्टाइन नावाच्या लष्करातल्या तरुण गणितज्ञाने त्याला ओळखलं आणि धीर करून बोलायला गेला. आधी गप्पा मजेत चालल्या. पण बोलता बोलता गोल्डस्टाइनने सांगितलं की आम्ही सेकंदाला तीनशेच्या वर गुणाकार करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधतोय. त्या क्षणी गप्पा संपल्या आणि व्हायवा सुरू झाला. ते यंत्र म्हणजे फिलाडेल्फियातला एनिअ‍ॅक. जवळजवळ १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, वजन ३० टन. एकर्ट आणि मॉकली हे त्याचे कर्ते इंजिनिअर.

एनिअ‍ॅकबद्दल एक गोष्ट आपल्या टेक्स्टबुकात नसते. तो एका अर्थाने पॅरलल होता. त्यात बेरीज करणारे वीस विभाग होते आणि ते एकाच वेळी वेगवेगळी कामं करू शकत. पण प्रोग्राम म्हणजे केबल्स उपसून दुसरीकडे खोचायच्या. एक नवा हिशेब घालायला दिवसच्या दिवस जायचे. शिवाय वीस विभाग एकमेकांची वाट न अडवता चालवायचे म्हणजे डोक्याला ताप.

३० जून १९४५ ची तारीख असलेला १०१ पानांचा एक कच्चा अहवाल नॉयमनच्या नावाने निघाला. विषय होता पुढचं यंत्र, एडव्हॅक. आपण आज ज्याला फॉन नॉयमन आर्किटेक्चर म्हणतो ते यातलं: प्रोग्राम आणि डेटा दोन्ही एकाच मेमरीत, आणि सूचना एकामागून एक. (अहवालावर एकट्याचंच नाव असल्याने एकर्ट आणि मॉकली कायमचे दुखावले, आणि माझ्या मते त्यांचं दुखणं रास्त होतं. या कल्पना त्या सगळ्यांच्या चर्चेतून आल्या होत्या.) एका वेळी एकच काम, हा निर्णय मात्र त्याने विचारपूर्वक घेतला होता. ट्यूब आधीच एवढ्या वेगवान आहेत की कामं एकामागून एक केली तरी चालेल. त्याने यंत्र साधं होईल, ट्यूब कमी लागतील, बिघाड कमी होतील. शिवाय एडव्हॅकची मेमरी होती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची. आकडे ध्वनिलहरी होऊन नळीतून एकामागून एक सरकत जात. मेमरीच रांगेत चालणारी, तर यंत्र तरी वेगळं कसं चालणार?

आणि याच यंत्रासाठी, ते बांधून व्हायच्या कितीतरी आधी, त्याने सॉर्टिंगचा प्रोग्राम लिहिला. शाईने लिहिलेली २३ पानं. पहिल्या पानाच्या वर पेन्सिलीने टॉप सीक्रेट असं लिहून मग खोडलेलं. डोनाल्ड नूथने १९७० मध्ये या हस्तलिखितावर एक सुंदर लेख लिहिला, तेव्हा ते सगळ्यांना नीट माहीत झालं. सॉर्टिंगच का निवडलं? कारण हिशेब करणं यंत्राला जमणारच होतं. यात हिशेब नाहीच, नुसतं हे मोठं की ते मोठं एवढं बघून पुढचं ठरवायचं. यंत्राला निर्णय घेता येतात का, याची ही परीक्षा होती. त्याच्यासमोर स्पर्धक होती आयबीएमची कार्ड लावणारी खास यंत्रं. सॉर्टिंगसाठी न बनवलेलं यंत्र सॉर्टिंगसाठीच बनवलेल्या यंत्राला हरवतं का, याचा त्याने कागदावर हिशेब मांडला आणि उत्तर हो असं आलं.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांसाठी आणि ऑफिसातल्या मंडळींसाठी मर्ज सॉर्ट थोडक्यात सांगते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असेंब्लीला उंचीप्रमाणे रांग लागायची. दोन तुकड्यांच्या दोन रांगा आधीच उंचीप्रमाणे लागलेल्या असतील तर त्यांची एक रांग करणं सोपं असतं. सिस्टर फक्त दोन्ही रांगांतल्या पहिल्या मुलींकडे बघायच्या, जी बुटकी तिला पुढे बोलवायच्या, पुन्हा पहिल्या दोघींकडे बघायच्या. सगळा घोळका कधीच बघावा लागत नाही. नॉयमनने एवढंच केलं. एकेकट्या आकड्याला एकाची रांग समज, दोन रांगा जोडून दोनाची कर, दोनाच्या जोडून चाराची, चाराच्या आठाची. दर फेरीला रांग दुप्पट होते, म्हणून दहा लाखांच्या वर आकडे असले तरी वीस फेऱ्यांत काम खलास. आणि दर फेरीत आकडे क्रमानेच वाचायचे, उड्या मारायच्या नाहीत. पाऱ्याच्या नळीला यापेक्षा सोयीचं काय असणार!

आता मुद्द्यावर येते. जोडी जोडीने रांगा लावायच्या असतील तर एका जोडीचा दुसऱ्या जोडीशी संबंध काय? काहीच नाही. सगळ्या जोड्या एकाच वेळी लावता येतात. एकामागून एक चालणाऱ्या यंत्रासाठी लिहिलेल्या या प्रोग्राममध्ये, लिहिणाऱ्याने न मागताच, पॅरलल होण्याची सोय येऊन बसली होती.

ती सोय मोठ्या प्रमाणावर कामी यायला साठ वर्षं लागली. तोपर्यंत प्रोसेसरचा वेग इतका वाढत होता की गरजच पडली नाही. मग २००४ च्या सुमारास वेग चार गिगाहर्ट्झच्या आसपास अडला, चिप तापायला लागली, आणि कंपन्यांनी एक वेगवान कोअर देण्याऐवजी जास्त कोअर द्यायला सुरुवात केली. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांचेही डेस्कटॉपसाठी ड्युअल-कोअर बाजारात आले. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये आठ कोअर असतात.

आठ कोअर म्हणजे सॉर्टिंग आठपट वेगाने? कागदावर मांडून बघू. समजा आकडे आहेत १०,४८,५७६, म्हणजे दोनचा विसावा घात. एका कोअरला वीस फेऱ्या, दर फेरीत प्रत्येक आकडा एकदा उचलून ठेवायचा: साधारण २ कोटी १० लाख वेळा उचला-ठेवा. आता आठ कोअर घ्या. प्रत्येकाच्या वाट्याला १,३१,०७२ आकडे आणि सतरा फेऱ्या, म्हणजे सव्वाबावीस लाख उचला-ठेवा, आणि आठही जण एकाच वेळी करणार. इथपर्यंत छान. पण आता आठ रांगा झाल्या. त्यांच्या चार करताना चारच कोअरना काम, चाराच्या दोन करताना दोघांना. शेवटच्या दोन रांगांची एक करताना साडेदहा लाख आकडे एकटा कोअर उचलत बसतो आणि बाकीचे सात नुसते बघतात. या शेवटच्या तीन फेऱ्यांनाच साडेअठरा लाखांच्या आसपास वेळ जातो. बेरीज साधारण ४० लाख ६३ हजार. २ कोटी १० लाखांना याने भागा: पाचपटीच्या किंचित वर. कोअर आठ, फायदा पाचपट. बरं, चौसष्ट कोअर लावले तर? तोच हिशेब करा, नऊपटीच्या जरासं वर येतं. कितीही कोअर आणा, या पद्धतीने दहापटीच्या पुढे जाता येत नाही.

हे मला पुस्तकापेक्षा माझ्या गावामुळे लवकर पटलं. माझं गाव काठी, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यात. आमच्याकडची राजवाडी होळी पेपरात येते, टीव्हीवरही दाखवतात. पाड्यापाड्यांवरून, गुजरात-मध्य प्रदेशातूनसुद्धा माणसं येतात. अंगावर ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्या घुंगरं वाजवत आपापल्या वाटेने उतरतात. प्रत्येक गावाचा गट आपली तयारी आपल्या गावात करतो, कोणी कोणाची वाट बघत नाही. हा झाला पॅरलल भाग, आणि तो हजारो माणसं असली तरी बिनबोभाट होतो. पण होळीचा उंच बांबू उभा करायला खड्डा लागतो, आणि तो हातांनीच खणायची रीत आहे. मैदानात माणसं हजार असोत की पन्नास हजार, खड्ड्याभोवती मावतील तेवढेच हात आत जाणार. बाकीच्यांनी ढोल वाजवायचा. जीन अ‍ॅमडाल या इंजिनिअरने १९६७ मध्ये हीच गोष्ट कॉम्प्युटरबद्दल मांडली. जे काम वाटता येत नाही ते शेवटी तुमचा वेग ठरवतं. आमच्या आजोबांना अ‍ॅमडाल माहीत नव्हता, पण खड्डा लवकर सुरू करा म्हणून ते दरवर्षी ओरडायचे.

खड्डा रुंद करता येतो का? सॉर्टिंगमध्ये येतो. शेवटच्या दोन लांब रांगा जोडताना, तयार होणाऱ्या रांगेचा बरोबर मध्य कुठे पडेल हे दोन्ही रांगांत अर्धं-अर्धं करत शोधायला वीसएक तुलना पुरतात. तो सापडला की एक कोअर सुरुवातीपासून मध्यापर्यंत जोडतो आणि दुसरा मध्यापासून पुढे. तसेच चार तुकडे करा, आठ करा. सगळ्यांना शेवटपर्यंत काम. केन बॅचरने १९६८ मध्ये याहून वेगळी वाट दाखवली: तुलना जास्त करायच्या, पण कुठल्या कोणाशी करायच्या हे आधीच ठरलेलं, त्यामुळे शेकडो तुलना एकाच वेळी. तिचा उपयोग पुढे ग्राफिक्स कार्डवर चांगला झाला.

उलट बाजूही आहे. आकडे थोडे असतील तर वाटून देण्यातच वेळ जातो. चार पोळ्या लाटायला आठ जणी बसवल्या तर काय होईल? २०१४ साली आलेल्या जावा ८ मध्ये पॅरलल सॉर्ट तयारच मिळाला, आणि तो जोडी जोडीने मर्ज करणाराच आहे. पण आकडे काही हजारांपेक्षा कमी असतील तर तो काम वाटतच नाही, मुकाट्याने एकाच कोअरवर करून टाकतो. ही सीमा ८,१९२ ची ठेवलेली आहे.

आणि सगळं नीट वाटलं तरी एक गोष्ट उरते, ती थेट नॉयमनच्या १०१ पानांतून आलेली. मेमरी एक आणि तिच्याकडे जाणारा रस्ता एक. कोअर आठ असोत, सगळ्यांना आकडे त्याच रस्त्याने आणायचेत. मर्ज सॉर्टला तर जोडलेली रांग ठेवायला तेवढीच दुसरी जागाही लागते, म्हणजे ने-आण आणखी वाढली. आकडे कॅशमध्ये मावतात तोवर गाडी पळते. कोट्यवधी झाले की कोअर रिकामे आणि रस्ता तुंबलेला. होळीनंतरच्या सकाळी काठीतून अक्कलकुव्याकडे उतरणारा घाट ज्याने बघितलाय त्याला जास्त सांगायला नको. जीपा कितीही असल्या तरी वळणावरून एका वेळी एकच. जॉन बॅकसने १९७७ मध्ये या अडचणीला नावच दिलं: फॉन नॉयमन बॉटलनेक. एवढं करून शेवटी बोल त्यालाच लागला.

हे मला थोडं अन्यायाचं वाटतं. त्या काळात एकामागून एक हाच शहाणपणाचा मार्ग होता, याचा पुरावा एनिअ‍ॅकनेच दिला. १९४८ मध्ये एनिअ‍ॅक नव्या पद्धतीने, सूचना एकामागून एक वाचणारा, असा बदलून घेतला. यात नॉयमनचा पुढाकार होता आणि क्लाराचाही हात होता. पॅरलल काम बंद झालं आणि यंत्राचा वेग सहा पटींनी घटला. तरीही सगळे खूश! कारण केबल बदलायला दिवस लागायचे तिथे आता काही तासांत नवा प्रोग्राम घालता येई. क्लाराने त्याच वर्षी या यंत्रासाठी मोठे प्रोग्राम लिहिले. कॉलेजात तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

प्रिन्स्टनला नॉयमनने स्वतःचं यंत्र बांधलं. शुद्ध गणिताच्या संस्थेत हे सोल्डरिंगवाले इंजिनिअर कशाला, म्हणून बाकीच्या प्राध्यापकांची कुरबुर होती. १९५२ मध्ये ते यंत्र पूर्णपणे चालू झालं. त्याचं डिझाइन त्याने कुलपात ठेवलं नाही, वाटून टाकलं. त्यामुळे त्याची भावंडं जगभर झाली आणि त्या घराण्याची एक शाखा मुंबईतही आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभांच्या पाठिंब्याने आणि डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला. त्याचा शब्दही प्रिन्स्टनच्या यंत्रासारखा ४० बिटांचा. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० बांधला तेव्हा मात्र उलटी दिशा धरली: एक मोठा प्रोसेसर नाही, अनेक लहान प्रोसेसर आणि प्रत्येकाला स्वतःची मेमरी, एकमेकांना निरोप पाठवत काम करायचं. घाट एक असेल तर पायवाटा दहा, असा तो मार्ग. त्यात निरोप पाठवण्याचा खर्च असतो, म्हणजे फुकट काहीच नाही.

खुद्द नॉयमन एकामागून एक या विचाराला चिकटून बसलेला नव्हता. यंत्र चालू होत असतानाच त्याच्या डोक्यात दुसरं घोळत होतं. चौकोनांच्या जाळीत प्रत्येक चौकोन फक्त शेजाऱ्याकडे बघून आपली अवस्था बदलतो आणि सगळे एकदम बदलतात, अशा जाळीतून स्वतःचीच प्रत काढणारं यंत्र बनवता येईल का? १९५२ मध्ये त्याने आणखी एक प्रश्न व्याख्यानांतून मांडला. सुटे भाग बेभरवशाचे असतील तर त्यांचे पुष्कळसे एकत्र लावून भरवशाचं यंत्र कसं करायचं? ही दोन्ही कामं मेंदूकडे बघत चाललेली होती.

१९५५ मध्ये तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी कॅन्सर निघाला. येल विद्यापीठाने व्याख्यानांना बोलावलं होतं. विषय त्याने घेतला कॉम्प्युटर आणि मेंदू. व्याख्यानं द्यायला तो जाऊ शकला नाही, पण लिहीत राहिला. त्यात त्याने मांडलं की मेंदूतली एकेक पेशी ट्यूबपेक्षा हजारो पटींनी मंद आहे, पण पेशींची संख्या अफाट, त्याच्या अंदाजाने हजार कोटींच्या घरात. म्हणून निसर्ग पुष्कळ मंद भाग एकाच वेळी चालवतो आणि माणसाचं यंत्र थोडे वेगवान भाग एकामागून एक चालवतं. पण त्याने लगेच सावधही केलं की एकामागून एकचं काम सरसकट एकाच वेळी करता येत नाही. ज्याला आधीच्या पायरीचं उत्तर लागतं ते थांबणारच. माझ्या मिनी प्रोजेक्टचं कन्क्लुजन १९५६ मध्ये लिहून झालं होतं!

१९५६ च्या सुरुवातीला त्याला व्हीलचेअरमधून राष्ट्राध्यक्षांकडे नेलं आणि आयझेनहॉवरने त्याला पदक दिलं. मग वॉशिंग्टनचं लष्करी हॉस्पिटल. झोपेत गुपितं बोलून जाईल म्हणून खोलीवर लष्कराचा पहारा. मरणाला तो फार घाबरला. आयुष्यभर धर्माकडे न फिरकलेल्या माणसाने कॅथलिक पाद्री बोलावून घेतला आणि त्यानेही भीती फारशी गेली नाही, असं जवळचे लोक सांगत. बुद्धी चालली आहे हे त्याला कळत होतं. मुलगी भेटायला आली की तो तिला अगदी साध्या बेरजा घालायला सांगायचा, पहिलीतल्या मुलाला घालतात तशा, एक आकडी. त्याही जमेनात. मरीनाला ते बघवायचं नाही, ती खोलीबाहेर जायची.

८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. वय त्रेपन्न. प्रिन्स्टनचं यंत्र पुढच्या वर्षी बंद केलं. त्याच वर्षी मेंदूवरचं ते अर्धवट लिखाण लहानशा पुस्तकाच्या रूपाने निघालं. त्याला प्रस्तावना क्लाराने लिहिली.